माही बैठक रिकामी काहून केली

ज्याले टीबी झाला, नाई तं ज्याच्या घरात कोनाले झाला, त्याच्यासाठी हे सांगून राह्यलो. बोलतो मी, लिहिते माही पोरगी सोनल. माह्यं शिक्षन म्हनजे शाळेच्या गॅदरिंगले खुर्च्या लावल्या तेवढंच. डॉक्टरकीतलं मले काही समजत नाई, ते डॉक्टरलेच इचारा. मी एवढंच सांगू शकतो का टीबीनं मले जेवढं खाल्लं नाई तेवढं माह्या शकानं खाल्लं.

आमचा धंदा

मी घाटंजीत बिछायत केंद्रात कामाले हावो. मांडव, सतरंज्या, गाद्या, लोड, खुर्च्या. लग्न असो का मयत, आमचा टेम्पो पहिले पोचते. या धंद्यात एवढी वर्सं गेली का घराच्या दारात पाय टाकला तरी मले समजते, इथं हसाचं का गप राहाचं.

लग्नघरी गेट लागते, झालर लागते, वरून छताचं कापड जरा खाली ओढून बांधतो. छत खाली आलं का मानसं जवय-जवय बसतेत, बोलाले लागतेत. पिवये लाइट लावतो. मयतीच्या घरी गेट नाई, झालर नाई. तिथं पहिलं काम म्हनजे बैठक रिकामी करनं. दिवान आत, कपाट आत, टीव्हीवर चादर. मंग सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, आन पुण्यानुमोदनाच्या दिवशी एका कोपऱ्यात स्टूल. स्टुलावर गेलेल्याचा फोटो.

आमी बौद्ध. आमच्यात लग्नालेही पांढरं आन मातीलेही पांढरं. म्हून पांढऱ्या कापडावरून काही पक्कं होत नाई. पक्कं होते ते स्टुलावरून.

हे ध्यानात ठेवा, कारन माह्या डोक्यात हेच होतं.

पँट

खोकला आलता तवा मी म्हनलं, सतरंज्या झटकनाऱ्याले खोकला नाई येनार तं कोनाले येनार. संध्याकाई ताप यायचा, ते म्हनलं उन्हाचं. कंबर बारीक झाली तवा बायकोवर शक घेतला का ही तेल कमी टाकून राह्यली.

शीला म्हने, "अवो, तुमी एवढं जेवता, ते जाते कुठं?"

"तुह्या माहेरी," मी म्हनलं.

मंग एका लग्नात मी दोन्ही हातानं बांबू धरून उभा, आन पँट खाली. नवरदेवाकडचे समोर. गजू माह्यासंग काम करते, तो खालून ओरडला, "भाऊ, बांबू सोडू नका, पँट मी पाहतो." सारा मांडव हासला. मीही हासलो, आन हासता हासता असा खोकला आला का रुमालात लाल दिसलं. पानाचं असन म्हनलं. पान मी खाल्लं नव्हतं.

बिमारी माही, बाहेर मी

शीलानं मले यवतमायच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, थुकी तपासली. डॉक्टरीनबाई सोनलच्याच वयाची. फोटो उजेडात धरला, पाह्यला आन म्हने, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. काकू, तुम्ही थांबा."

आता सांगा. बिमारी माही, फोटो माह्या छातीचा, आन बाहेर मी.

बाकावर बसून मी दाराच्या फटीतून पाहून राह्यलो. डॉक्टरीनबाई बोट दाखवू दाखवू बोलत होती, शीला मान हलवत होती. बाहेर आली तं डोये पुसत होती.

"काय झालं?"

"धूय गेली डोयात."

दवाखान्यात फिनाइलनं पुसेल फरशी. धूय कुठून?

"काय म्हने ती?"

"टीबी हाय. छातीत पानी झालं, ते काढतेत. मंग रोज गोया खाल्ल्या का बरा होते म्हने."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी एवढा वेय लागते?"

तिनं चिठ्ठी पिशवीत टाकली आन चालाले लागली. तवापासून माह्या डोक्यात कीडा घुसला. मी मनात पक्कं केलं का ही काहीतरी लपवून राह्यली.

वार्डात

भरती केलं. छातीतून पानी काढलं, ते काई मी पाह्यलं नाई, डोये मिटून बसलतो. वार्डाच्या भिंती कमरेपर्यंत हिरव्या, वर पिवयट, आन मधात एकच ट्यूबलाइट. ती अशी फडफडायची का सगये पेशंट एकसाथ मेल्यासारखे दिसायचे आन एकसाथ जिवंत व्हायचे.

सगये मास्क लावून बोलायचे. मास्कवाला मानूस हासून राह्यला का रडून, काहीच समजत नाई. मी डोयावरून अंदाज काढायचो. डोये बारीक झाले का समजायचो, ह्यानं माही फाइल पाह्यली.

एक दिवस लघवीले गेलो तं लालभडक. मी तसाच भिंत धरून ओरडलो, "सिस्टर, रक्त, माह्यं सारं रक्त चाललं."

सिस्टर आली, कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "काका, तो गोयीचा रंग हाय. काल सांगतलं होतं मी. तुमी तवा बाजूवाल्याले जोक सांगून राह्यलते."

खरं होतं. बाजूवाल्याले जोकही समजला नव्हता.

एक गोष्ट मात्र चांगली झाली तिथं. झाडूवाल्या मावशीनं सफाई करता करता माही खाट ढकलली, खिडकीपाशी. सकायचं ऊन पायावर यायले लागलं. पाय गरम झाले का मानसाले वाटते आज काही खावं. पन मी तं मी. मी इचार केला, एवढ्या खाटांत माहीच काहून सरकवली? नेमकी दारापासून दूर? मावशीले इचारलं तं म्हने, "तिकडं पोछा माराले जागा नव्हती."

दारात आमचाच टेम्पो

सुट्टी झाली. शीला आधीच घरी गेलती, मले तिचा भाऊ त्याच्याच ऑटोनं घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी ऑटो वयला. माह्या घरासमोर आमच्या बिछायतीचा टेम्पो उभा.

गजू टेम्पोतून उतरला. माह्याकडं पाह्यलं, मान खाली घातली. आमच्या धंद्यात मयतीच्या घरच्या मानसाकडं पाहून अशीच मान खाली घालतेत.

आत गेलो. बैठक रिकामी.

माही बैठक कशी होती ते सांगतो. समोर दिवान, बाजूले लोखंडी कपाट. कपाटाच्या मागं खिडकी हाय, हे मी स्वता इसरलतो. शोकेस, शोकेसवर बिछायतीतले फुटके फुलदान. भिंतीले गडद हिरवा ऑइलपेंट, कोन्या तरी कामातून उरलेला मी फुकटात मारलता. दाराच्या मागं एक कोपरा, तिथं माही खुर्ची, खियावर माहे कपडे, खाली माह्या चपला. तिथं बसून मी टीव्ही पाहायचो. आन निजाचो आतल्या खोलीत, जिले खिडकीच नाई.

आता काय? दिवान गायब. कपाट गायब. शोकेस गायब. भिंती दुधासारख्या फिक्या. खाली सतरंजी, आमचीच, तिचा जयलेला कोपरा मी ओळखतो. माही खाट खिडकीपाशी, खाटेवर पांढरी चादर. आन खाटेच्या उशाशी स्टूल.

रिकामं स्टूल.

"हे काय हाय?" मी इचारलं.

"हवा खेयाले," शीला म्हने.

"आतापर्यंत हवा काय बांधून ठेवलती का?"

सोनल आतून आली, हाताले रंग लागेल. ती यवतमायले पडद्याच्या दुकानात कामाले हाय, गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्याले जाते आन फोनवर घर सजवाचे व्हिडिओ पाहते. ती म्हने, "बाबा, घराचा मूड बदलून राह्यली मी."

"घराचा मूड? घर काय तुही सासू हाय?"

"आधी सासू तं आनून द्या," ती म्हने, आन फोन काढला. "खिडकीकडं पाहा बाबा. जरासं हासा."

"फोटो कायले?"

"पाहाचा हाय कसा येते ते."

स्टूल होतंच. आता फोटोही झाला. मी हासलो, कारन म्हनलं आता हाच लागनार हाय तं तोंड वाकडं नको.

तो तं डेड हाय

दोन-चार दिवस मी गप. गोया खायचो, खिडकीतून पाहायचो, हिशोब लावायचो. माहे पाय दाराकडं काहून, मयतासारखे? गजू रोज येऊन काय-काय उचलून काहून नेते? शीला माह्याकडं पाह्यते आन मी पाह्यलं का दुसरीकडं काहून पाह्यते?

एक दिवस दुपारी मी डोये मिटून पडलतो. सोनल आन शीला सैपाकघरात. भांड्यांच्या आवाजातून सोनलचं बोलनं आलं.

"तो तं डेड हाय, आई. कितीही केलं तरी त्याच्यात जीव येनार नाई."

"मंग काय कराचं?"

"काढून टाकाचं. त्याच्यापायी सारं घर कोंदट वाटते."

शीला म्हने, "तुह्या बाबाले सांगाचं का?"

"नको. लगेच नाई म्हनतील. झाल्यावर पाहतील."

मराले मी लगेच नाईच म्हनन, नाई तं काय हो म्हनन? मले इंग्रजी येत नाई, पन डेड येते. दवाखान्यात तोच एक शब्द सगये पेशंट शिकतेत. माह्या पोटच्या पोरीले माह्यापायी घर कोंदट वाटून राह्यलं. मी चादर तोंडावर घेतली. मंग वाटलं, चादर तोंडावर घेतली तं ह्यायले अजून सोपं होईन, म्हून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाई शीलानं तयहातावर गोया आनल्या, पान्याचा गिलास आनला.

"नाई खात," मी म्हनलं.

"मयमयते का?"

"नाई. खाऊन काय कराचं? तुमी तुमचं करा, मी माह्यं करतो."

तिले वाटलं मस्करी हाय. दुपारी तिले समजलं मस्करी नाई. दुसऱ्या दिवशीही नाई खाल्ल्या. आरोग्य केंद्राची आशाताई घरी आली, तिनं समजावलं, मी तिले एक जोक सांगतला. ती नाई हासली. संध्याकाई ताप आला. पाय लाकडासारखे झाले. शीलाचं ताट तसंच पडून राहायचं. सोनल दुकानात जायचं सोडून दारात बसून राहायची. आन मी मनात म्हनायचो, पाहा, कसं नाटक करून राह्यले, डेड म्हने.

टीबीवाल्या भावांनो, बहिनींनो, ह्याच जागी हात जोडून सांगतो. माह्यासारखं करू नका. गोयी सोडली का ती बिमारी लाडावलेल्या पोरासारखी होते, मंग कोनाचंच ऐकत नाई. हे मले नंतर समजलं.

कोन डेड?

शेवटी शीलाच उठली. गिलास घेऊन खाटेसमोर खाली बसली, सतरंजीवर.

"आज मले सांगा. गोया काहून सोडल्या?"

"तुले माहीत हाय."

"नाई माहीत."

"डॉक्टरीनबाईनं मले बाहेर काढून तुले काय सांगतलं?"

ती माह्याकडं पाहतच राह्यली. "ते इचारता का? ती म्हने, तुमच्या मालकाले मी दहा गोष्टी सांगतल्या, त्यायनं दहा जोक केले. असे पेशंट जरा बरं वाटलं का गोया सोडतेत आन मंग हातचे जातेत. म्हने, काकू, तुमच्यावर हाय. त्यायच्यावर भरोसा ठेवू नका."

"म्हून रडलीस?"

"हो. कारन मी तिले म्हनलं, माहा मानूस तसा नाई."

मी म्हनलं, "आन सोनल म्हनली मी डेड हावो, ते?"

"कोन डेड?"

"मी. दुपारी. सैपाकघरात. त्याच्यात जीव येनार नाई, काढून टाकू, बाबाले सांगू नको."

सोनल दारातून उठून आली. तिचं तोंड मले अजून दिसते. "बाबा, कोपरा. डेड कोपरा. दारामागचा, तुमच्या खुर्चीचा."

"डेड कोपरा म्हनजे?"

"जिथं उजेड जात नाई, हवा जात नाई, कोनी बसत नाई, त्याले डेड म्हनतेत आमच्या कामात."

"कोनी बसत नाई? मी बसतो तिथं लग्न झाल्यापासून."

"म्हूनच तं टीबी झाला," सोनल म्हने, आन स्वताच तोंडावर हात ठेवला. मले हासू आलं. सोनललेही आलं.

शीलाले नाई आलं. ती गिलास तसाच धरून बसलती.

स्टूल गोया आन पानी ठेवाले होतं. पांढरी चादर डाग लगेच दिसावा आन उकयत्या पान्यात टाकता यावी म्हून. टेम्पो कपाट हलवाले, कारन ते कपाट दोघा-तिघायले उचलत नाई. फोटो काढला तो भिंतीचा रंग तोंडावर कसा पडते ते पाहाले. सोनल म्हने, हिरव्या भिंतीत मानूस हाय त्याच्यापक्षा जास्त बिमार दिसते, आन आरशात स्वताले तसं पाहून अजून बिमार होते. गजूनं मान खाली घातली ती माही पँट पुन्हा खाली येऊन राह्यलती म्हून. सगयाचं उत्तर भेटलं.

शीला म्हने, "तुमाले खरंच वाटलं का मी तुमच्या मयतीची बैठक लावून राह्यली? मी?"

आतापर्यंत कोनी काही इचारलं का माह्या तोंडातून काहीतरी निघतेच. तवा मी जोक नाई केला. मी हात पुढं केला. तिनं गोया देल्ल्या.

मूड म्हनजे काय

डॉक्टरीनबाईनं झापलं. थुकी पुन्हा तपासली, गोया वाढवल्या. तिनं जे सांगतलं ते मी यावेयी गप बसून ऐकलं. ती म्हने, "काका, बरं वाटत नाही का?"

घरी सोनल मले शिकवत गेली आन मी तिले भांडत गेलो. तिचं म्हननं असं का खोलीत पहिले उजेड कुठून येते ते पाहाचं, मंग सामान लावाचं. आपन उलटं करतो, कपाट जिथं मावते तिथं ठोकतो आन मंग दिवसा ट्यूब लावतो. डोक्यावर एकच पांढरी ट्यूब म्हनजे दवाखाना. तिनं खाली, कमरेएवढ्या उंचीवर एक पिवया दिवा लावला. संध्याकाई ताप यायच्या टायमाले तो लावला का खोली लहान वाटायची, कोनीतरी जवय बसल्यासारखं. मी म्हनलं, हे तं आमी मांडवात छत खाली ओढून करतो. ती म्हने, बाबा, मंग तुमाले सगयंच येते, घरात काहून नाई केलं? घरात मले कोनी ऑर्डर देल्ली नव्हती.

चालाले जागा मोकयी ठेवाची, बिमार मानूस रात-दिवस भिंत धरत चालते, त्याच्या पायात शोकेस नको. डोये उघडले का समोर एक पाहासारखी वस्तू पाहिजे, एकच. मले वाटलं टीव्ही. तिनं टीव्ही आत नेला आन खिडकीसमोर तुयशी नाई, मिरचीचं झाड ठेवलं. म्हने, टीव्ही रोज तोच राह्यते, हे रोज बदलन. मी झाडावरही शक घेतला का रात्री शीला येऊन फुलं मोजते, माहे दिवस मोजल्यासारखी. पन खरं सांगतो, पहिली मिरची लागली तवा मी ऑटोवाल्या साळ्याले फोन केलता.

आन एक खुर्ची. खिडकीपाशी, खाटेपासून जरा दूर. टीबीच्या घरी लोक दारातूनच बोलतेत, उभ्यानं, चप्पल न काढता. बसाले जागा दिसली का पाय आपसूक आत येतेत. पहिले गजू आला बसाले, मास्क लावून. मंग शेजारची म्हातारी. ती म्हने, "तुह्या घरात आता बरं वाटते रे, आधी पोलीस ठान्यावानी वाटे."

डेड कोपरा सोनलनं काढला नाई. दार उलट्या बाजूले उघडाले लावलं, तेवढ्यानं तिथं उजेड गेला. तिथं आता माह्या चपला उन्हात बसतेत.

आ करा

पन एक गोष्ट पयल्यासारखी झाली नाई. आता शक शीलाचा.

रोज सकाई तिनं गोया द्यायच्या, मी गियाच्या, आन तिनं मोबाइलची बॅटरी लावून म्हनाचं, "आ करा." गालात पाह्यची, जिभेखाली पाह्यची. पाव्हने असो, गजू असो, दारात दूधवाला असो.

"अव, गियली ना."

"आ करा."

"मी काय चोर हावो?"

"ते मले नाई माहीत. आ करा."

मी चिडायचो. गजू म्हने, "वहिनी, मागची दाढ सडेल दिसते का पाहा जरा." तरी ती हासायची नाई. महिने गेले. वजन भरलं, पँट कमरेवर थांबली, मी हळूहळू गादीचे गठ्ठे उचलाले लागलो. मी कामावर निघालो का ती बॅटरी घेऊन दारात. मले वाटायचं हे काई संपत नाई. तिचा भरोसा मी एकदा मोडला, आता तो काई गोयीनं जुडनार नाई.

मंग एक दिवस डॉक्टरीनबाई म्हने, थुकीत काही नाई, फोटो साफ हाय, गोया बंद. येताना मी ऑटोत लय जोक केले. शीला बाहेर रस्त्याकडं पाहत राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाई मी तोंड धुऊन खाटेवर बसलो. ती आली. हातात गोया नाई, पानी नाई. बॅटरी.

"आ करा."

"अव, संपल्या ना गोया."

"माहीत हाय मले. आ करा."

मी आ केलं. तिनं बॅटरी लावली. डाव्या गालात पाह्यलं, उजव्या गालात पाह्यलं, जिभेखाली पाह्यलं, मंग पुन्हा डाव्या गालात. लय वेय. उजेड माह्या डोयावर येऊन राह्यलता.

"काही नाई," ती म्हने.

आन बॅटरी बंद करून खाटेच्या काठावर माह्या बाजूले बसली. तोंड बंद करा म्हनाचं इसरली. मी तसाच आ करून बसून राह्यलो.